चोवीस तासांचा हिशोब आपणच ठेवायचा
(कार्यकर्ता शिबिरातलं भाषण)



आपल्याला उचलतात कधी? मृग लागला, प्लॉटात नांगर घातला, की. पेरणीचे चार दिवस माणूस कोठडीत बसला, तर त्याचं वर्ष बसलं. केस पुढे सुटते, पण गेलेला वाफसा परत येत नाही. म्हणून अटकेचा कायदा आपल्याला पाठ पाहिजे.

घटनेचं २२ वं कलम काय सांगतं? पकडलेल्याला कारण सांगितलंच पाहिजे. त्याच्या पसंतीचा वकील भेटू दिला पाहिजे. आणि वाटेचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. गुन्हा जामिनाचा असेल तर तसं सांगायचं कामही पोलिसांचंच. फॉरेस्टवाल्यांना जंगल कायद्याच्या ६४ कलमाने वॉरंटशिवाय पकडता येतं, हे खरं. पण विनाकारण उशीर न करता मॅजिस्ट्रेटपुढे नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात पाठवायचं, हेही तेच कलम सांगतं. रेंज ऑफिसच्या खोलीत रात्रभर डांबा, असं त्यात कुठेच नाही.

मग होतं काय? "साहेबांनी बोलावलंय, दोन मिनिटं चल," म्हणून नेतात. सोमवारी नेलेला माणूस कागदावर बुधवारी अटक होतो. चोवीस तास बुधवारपासून मोजतात. मार खाल्ला तो त्या मधल्या दोन दिवसांत. कोऱ्या कागदावर अंगठा घेतला तोही तेव्हाच. आणि कोर्टात कागद मात्र सगळे बरोबर!

ही चोरी ओळखूनच सुप्रीम कोर्टाने १८ डिसेंबर १९९६ ला डी. के. बसूंच्या केसमध्ये हुकूम दिला. अटकेचा कागद जागेवरच करायचा. त्यावर तारीख, वेळ, आणि घरच्या किंवा गावातल्या एका साक्षीदाराची सही पाहिजे. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी पाहिजे. घरी कळवलं पाहिजे.

पण हुकूम ठाण्याच्या भिंतीवर राहतो. तो चालवायला गाव लागतं. म्हणून आपण ठरवू या:

माणूस नेला की वेळ, गाडीचा नंबर, नेणाऱ्यांची नावं वहीत लिहायची. एकट्याला जाऊ द्यायचं नाही, चार जणांनी मागोमाग ठाण्यात जायचं, त्यात बाया हव्यात. त्याच दिवशी मॅजिस्ट्रेट आणि कलेक्टरला पोस्टाने अर्ज पाठवायचा. पाकिटावर पोस्टाची तारीख पडते, ती कुणाला बुधवार करता येत नाही. मॅजिस्ट्रेटने "काही तक्रार?" विचारलं की मान खाली घालायची नाही. मारलं असेल तर सांगायचं, डॉक्टरी तपासणी मागायची. वकिलाला पैसे नाहीत? १९८७ च्या कायद्याने आदिवासीला कमाई न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, तो मागायचा. साक्ष घ्यायला बायांना आणि १५ वर्षांखालच्या पोरांना ठाण्यात बोलावता येत नाही, घरी यावं लागतं.

आणि नाकेदाराला पावतीशिवाय एक पैसाही नाही. पावतीवर जागा, तारीख लिहून घ्या. त्यांच्या लेखी तो गुन्ह्याचा कागद, आपल्या लेखी जमीन कसल्याचा पुरावा.

ज्यांना वाचता येतं त्यांनी हे पाड्यात वाचून दाखवा. वही आणि पेन आजच कुणाच्या घरी ठेवायचं ते ठरवा. मृग लांब नाही.

जिंदाबाद!