गुण श्रद्धेला नव्हे, मांडणीला



कोल्हापुरात भरलेल्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही एका जुन्या परीक्षकाला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. अध्यक्षाने शिक्षणाच्या ध्येयधोरणांवर बोलावं अशी रीत आहे. आज मी ती बाजूला ठेवतो आणि फक्त उत्तरपत्रिकेबद्दल बोलतो. उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याची श्रद्धा डोकावली, की आपल्या हातातला लाल पेन काय करतो, एवढाच माझा विषय आहे.

कॅपला, म्हणजे उत्तरपत्रिकांच्या केंद्रीय तपासणीला, बसलेल्या प्रत्येकाला हे दृश्य ठाऊक आहे. बैठक क्रमांक झाकलेला, वर बारकोड, नावागावाचा पत्ता नाही. पान उलटलं की माथ्यावर बारीक अक्षरात 'श्री'. कुठे 'अंबाबाई प्रसन्न', कुठे 'जोतिबाच्या नावानं चांगभलं', कुठे '786', कुठे 'जय भीम'. ओळख पटेल अशी कोणतीही खूण करू नये, ही सूचना छापलेली असते. मुलाला ती आठवत नाही. घरातून निघताना आजीने बजावलेलं तेवढं आठवतं. अशा खुणेचं जे काही करायचं ते नियमाप्रमाणे करावं, वरिष्ठ परीक्षकाला दाखवावं आणि विषय तिथेच संपवावा. अडचण पुढच्या पानांवर सुरू होते. खूण पाहून आपण त्या मुलाला मनातल्या मनात एका खान्यात बसवलेलं असतं आणि पुढची सगळी उत्तरं त्या खान्यातूनच वाचली जातात.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. श्रद्धेबद्दल गुण द्यायचे नाहीत आणि श्रद्धेबद्दल गुण कापायचेही नाहीत. या वाक्याच्या पहिल्या अर्ध्याला इथे सगळे टाळ्या देतील. दुसरा अर्धा आपल्याला, विशेषतः स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या कोल्हापूरकरांना, जड जातो.

आपल्याच गावातलं उदाहरण घेऊ. बी.ए.च्या इतिहासाच्या पेपरात प्रश्न येतो: वेदोक्त प्रकरणाची कारणे आणि परिणाम लिहा. एक विद्यार्थी लिहितो की राजघराण्याचे पुरोहित राजोपाध्ये शास्त्राला धरून वागले, धर्माच्या बाबतीत राजाने हात घालायला नको होता. दुसरा लिहितो की शाहू महाराज थोर, क्रांतिकारक, लोकराजे, रयतेचे कैवारी होते. पहिल्याची वाक्यं वाचून आपल्या कपाळाला आठ्या पडतात, दुसऱ्याची वाचून मान डोलते. पण दोघांच्याही उत्तरात 1899 मध्ये पंचगंगेवर महाराजांसाठी वेदोक्तांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटल्यावरून वादाला तोंड फुटलं, हे नाही. ती गोष्ट महाराजांच्या लक्षात आणून देणाऱ्या राजाराम शास्त्री भागवतांचं नाव नाही. 1901 मध्ये टिळकांनी केसरीत कोणती बाजू घेतली, 1902 मध्ये राजोपाध्यांची इनामं जप्त झाली, त्यावर वरपर्यंत अपिलं गेली आणि फेटाळली गेली, यातलं काही नाही. मग या दोघांना सारखेच गुण मिळायला हवेत, आणि ते कमीच असायला हवेत. दहापैकी पहिल्याला दोन आणि दुसऱ्याला सहा मिळत असतील, तर ती विशेषणांची परीक्षा झाली, इतिहासाची नव्हे.

उलट, एखाद्या मुलीने राजोपाध्यांची बाजू मांडताना वतनी हक्क, शास्त्राधार आणि संस्थानिकाच्या अधिकाराची मर्यादा असे मुद्दे क्रमाने घेतले, विरुद्ध बाजूचे पुरावे नोंदवले आणि मग आपला निष्कर्ष दिला, तर तिला पूर्ण गुण द्यायला हात कचरता कामा नये. त्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. पण माझी सहमती हा त्या प्रश्नपत्रिकेतला प्रश्न नव्हता.

आणि महाराजांनी स्वतः काय केलं, तेही पाहावं. अपमान वैयक्तिक होता, सत्ता हातात होती, तरी वाद लगेच हुकमाने मिटवला नाही. समिती नेमली, अहवाल मागवला, मग निर्णय घेतला आणि ज्याच्याविरुद्ध निर्णय झाला त्याला वरच्या दारी जायची वाट खुली राहिली. आपण त्यांचं नाव घेतो; कार्यपद्धतीही घ्यावी.

मतावरून विद्यार्थ्याला शिक्षा करण्याचा मोह आपल्याकडे विद्यापीठं आली तेव्हापासूनचा आहे. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं, 1862 मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते. त्यांचं लहानपण आणि सुरुवातीचं शिक्षण याच कोल्हापुरातलं. पुढे काही काळ ते इथे न्यायाधीशही होते. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना त्यांनी निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि माप मराठ्यांच्या बाजूने टाकलं. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे जाडे विद्वान, रानड्यांच्या बुद्धीची कदर करणारे. तरी त्यांनी सहा महिने रानड्यांची शिष्यवृत्ती बंद केली. निबंधाची भाषा कच्ची होती किंवा पुरावा तोकडा होता, असं कारण नव्हतं. मत पटलं नाही, एवढंच. ग्रँटसाहेबांसारख्या माणसाचा तोल जिथे गेला, तिथे आपण स्वतःवर किती लक्ष ठेवायला हवं, याचा विचार करावा.

आता विज्ञानाच्या प्राध्यापकांकडे वळतो. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, अभ्यासक्रमात बदल करावा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याला विरोध केला. ते योग्यच झालं. पण समजा, त्याच मताच्या घरातला मुलगा तुमच्याकडे प्राणिशास्त्राला आहे. पेपरात विचारलं आहे, 'नैसर्गिक निवडीचा सिद्धांत स्पष्ट करा.' त्याने तो नीट स्पष्ट केला आणि शेवटी लिहिलं की माझा यावर विश्वास नाही, तर त्याचा एकही गुण कापता येणार नाही. आणि त्याने सिद्धांत न सांगता नुसतंच सृष्टी देवाने निर्माण केली असं लिहिलं, तर त्याला शून्य. ते शून्य देवाचं नाव घेतलं म्हणून दिलेलं नसतं. विचारलेलं लिहिलं नाही, म्हणून ते मिळतं, आणि हे त्याला कळेल अशा शब्दांत समासात लिहायला हवं.

समासातल्या दोन ओळी किती महत्त्वाच्या असतात, हे अमेरिकेत नुकतंच दिसलं. 2025 च्या अखेरीस ओक्लाहोमा विद्यापीठात मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने लिंगभावावरच्या लेखनात बायबलचा आधार घेतला. तिला 25 पैकी शून्य मिळालं. तिने धार्मिक भेदभावाची तक्रार केली, प्रकरण समाजमाध्यमांवर आणि राजकारण्यांच्या हाती गेलं. शेवटी विद्यापीठाने ते गुण हिशेबात धरले नाहीत आणि शिकवणाऱ्या सहायकाला अध्यापनातून दूर केलं. निबंधात पुरावा नव्हता म्हणून शून्य, की निबंध बोचला म्हणून शून्य, यावर अर्धा देश भांडला. काय केलं तर किती गुण, हे आधीच रेषा आखून सांगितलेलं असलं, तर अशा भांडणाला फारशी जागा उरत नाही.

धर्म हा अभ्यासाचा विषयच नको, असा सोपा उपाय काही जण सुचवतात. तो मला मान्य नाही. राज्यघटनेचा 28 वा अनुच्छेद पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देऊ नये असं सांगतो. पण 1971 मध्ये पंजाबातल्या डी.ए.व्ही. कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे. आपल्या विद्यापीठात संत तुकारामांच्या नावाचं अध्यासन आहे ते याच समजुतीवर. तुकोबांवरचा पेपर वारकऱ्याच्या मुलाला सोपा जाऊ नये आणि नास्तिकाच्या मुलीला अवघड जाऊ नये, एवढं आपण पाहायचं.

तक्रारीच्या मार्गाची गोष्टही आपल्याच राज्यातल्या एका भांडणापासून सुरू होते. महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाविरुद्ध विद्यार्थी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयात जिंकले आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क नाही, असं तेव्हा ठरलं. त्यानंतर माहिती अधिकाराचा कायदा आला आणि 2011 मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षार्थीला पाहता येईल. आज फोटोकॉपी मिळते, पुनर्मूल्यांकन होतं, तक्रार निवारणाची व्यवस्था आहे. तरीही आपल्याकडे धर्माची किनार असलेली तक्रार आधी कुठल्या तरी संघटनेच्या कार्यालयात जाते, तिथून निवेदन होऊन कुलगुरूंच्या दालनात येते, मागोमाग घोषणा आणि कॅमेरे. मग विद्यापीठ घाईने काहीतरी करून मोकळं होतं आणि उत्तर कोणीच वाचलेलं नसतं.

याचा सगळा दोष संघटनांवर टाकून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. कायदा सांगतो, निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लावा. गठ्ठे उरकायचे असतात, मग आपण नुसता आकडा टाकतो. फोटोकॉपी हातात पडल्यावर मुलाला दिसतं काय? तीन पानांचं उत्तर, शेवटी गोल आणि गोलात 'दोन'. कारण लिहिलेलं नसेल तर तो स्वतः कारण शोधतो, आणि सगळ्यात जवळचं कारण त्याला आपल्या आडनावात, जातीत, धर्मात सापडतं. त्याचा संशय दर वेळी खरा असतो असं नाही, पण दर वेळी खोटा असतो असंही छातीवर हात ठेवून मी म्हणणार नाही.

म्हणून या परिषदेपुढे तीन मागण्या ठेवतो. ज्या प्रश्नात श्रद्धेचा संबंध येऊ शकतो, त्याची गुणविभागणी प्रश्नपत्रिकेसोबतच तयार व्हावी: माहितीला किती, पुराव्याला किती, युक्तिवादाला किती. निम्म्यापेक्षा कमी गुण देताना परीक्षकाने कारणाची एक ओळ लिहावी आणि त्यासाठी लागणारा वेळ विद्यापीठाने द्यावा. आणि धर्मभेदाची तक्रार आली तर ती उत्तरपत्रिका ओळख झाकून, वेगवेगळ्या महाविद्यालयांतल्या दोन परीक्षकांकडे जावी. त्यांचं मत येईपर्यंत शिक्षकावर कारवाई नको आणि विद्यार्थ्यावर दबावही नको.

या मागण्यांचे ठराव आज संध्याकाळच्या सत्रात मांडले जातील. ते एकमताने मंजूर व्हावेत, ही विनंती. विद्यापीठाने ते मान्य करेपर्यंत थांबायचं मात्र कारण नाही. येत्या कॅपला बसाल, तेव्हा जे उत्तर वाचून तुम्हाला राग येईल, ते पुन्हा एकदा वाचा आणि मगच गुण लिहा.