पीएचडी करून काय दिवे लावणार?

२०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेची छात्रवृत्ती घेणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांचा विषय निघाला, तेव्हा पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल सत्ताधारी बाकावरून आला. त्यावर गदारोळ झाला, खुलासेही झाले. माझ्या मते सवाल रास्त होता. छात्रवृत्तीचा पैसा तुमच्या-आमच्या करातून जातो, त्यातून काय निघतं हे विचारायलाच हवं. फक्त विचारल्यावर उत्तर ऐकायची तयारी हवी. मी ते एकाच शाखेपुरतं देतो. शरीराच्या आतलं चित्र काढणाऱ्या यंत्रांची अभियांत्रिकी, म्हणजे मेडिकल इमेजिंग.

मधुमेह जुना झाला की डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, ‘एकदा ओसीटी काढून घ्या.’ हनुवटी टेकवायची, समोरच्या खुणेकडे क्षणभर बघायचं, की दृष्टिपटलाच्या थरांचा उभा छेद संगणकावर येतो आणि सूज किती मायक्रॉन तेही कळतं. हे तंत्र १९९१ साली ‘सायन्स’ नियतकालिकातून जगापुढे आलं. त्या लेखाचे पहिले लेखक डेव्हिड हुआंग तेव्हा एमआयटीत जेम्स फुजिमोटो यांच्या प्रयोगशाळेत शिकत होते. यंत्र बाजारात आलं १९९६ मध्ये. एमआरआयची गोष्ट याहून लांबली. ते यंत्र मोजमापं सावकाश गोळा करतं, तोवर रुग्णाने हलायचं नाही, सांगितलं की श्वास रोखायचा. तीन वर्षांच्या पोराला हे कसं जमणार? त्याला बहुधा भूल द्यावी लागते. मायकेल लस्टिग यांनी स्टॅनफर्डमधल्या पीएचडीच्या कामात दाखवलं, की सगळी मोजमापं घ्यायची गरज नाही. विशिष्ट रीतीने विखरून थोडीच घेतली, तरी उरलेलं चित्र गणिताने उभं करता येतं. त्यांचा लेख २००७ चा, आणि हे तंत्र बसवलेल्या व्यापारी यंत्रांना अमेरिकेत सरकारी मंजुरी मिळाली २०१७ मध्ये. मधली दहा वर्षं कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात बसणं अवघड. तो सुरुवातीचा, फसण्याचीच शक्यता जास्त असलेला काळ पीएचडीचा विद्यार्थी रेटतो. मात्र त्याला घरभाड्याची विवंचना नसली तरच.

यावर जाणकार सीटी स्कॅनचा दाखला देतील. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्याकडे पीएचडी सोडाच, विद्यापीठाची पदवीही नव्हती, आणि १९७९ चं नोबेल त्यांना मिळालं. खरं आहे. पण ते ईएमआय कंपनीचे पगारी अभियंता होते, ब्रिटिश आरोग्य खात्याने त्यांच्या कामात पैसा घातला होता, आणि लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयाने १९७१ मध्ये आपली रुग्ण त्यांच्या यंत्रापुढे आणली होती. त्याच नोबेलचे दुसरे मानकरी अ‍ॅलन कॉर्मॅक. त्यांनी सीटीमागचं गणित १९६३-६४ मध्येच छापलं होतं, पण त्याची दखल जवळपास कुणी घेतली नाही. हिशेब सरळ आहे. पदवी असो वा नसो, बिनघोर पगार आणि उघडं रुग्णालय, या दोन गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट आपल्याकडे कागदावर तरी बरी आहे. नेट किंवा गेटमधून आलेल्या संशोधकाला २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये मिळतात, दोन वर्षांनी ४२ हजार. पंतप्रधान संशोधन छात्रवृत्ती ७० हजारांवर सुरू होऊन ८० हजारांपर्यंत जाते, वर सालाला दोन लाख संशोधनखर्चाला. हप्ते रखडतात ही तक्रार मात्र जुनीच, आणि उसनवारीवर प्रयोग होत नाहीत. खरी अडचण दुसऱ्या गोष्टीची. लंडनच्या किंग्ज कॉलेजचा इमेजिंग विभाग थेट सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात आहे. आपल्याकडे पवईची आयआयटी शिक्षण मंत्रालयाची, परळचं टाटा रुग्णालय अणुऊर्जा विभागाचं, शेजारचं केईएम महापालिकेचं. सहकार्य होतंच नाही असं नाही, पण ते दोन माणसांच्या ओळखीवर चालतं, आणि त्यातलं एक निवृत्त झालं की विद्यार्थी वाऱ्यावर.

‘शिकवा आणि ही मुलं परदेशी जाणार,’ हा आक्षेप उरतो. काही जातीलच. पण तिकडचं दारही सताड उघडं नाही. ब्रिटनच्या सरकारी संशोधन परिषदांच्या छात्रवृत्त्यांत परदेशी विद्यार्थ्यांचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ देत नाहीत. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा बहुधा विद्यापीठाचा पगारी नोकर असतो, म्हणजे तिथे प्रवेश मिळवणं नोकरी मिळवण्याइतकंच अवघड. आणि कोट्यवधींचं आयात यंत्र विकत घेताना विक्रेत्याला चार नेमके प्रश्न विचारू शकणारं माणूस आपल्या रुग्णालयाला हवं असेल, तर ते आकाशातून पडणार नाही.

म्हणून या शाखेत अर्ज करणाऱ्यांनी छात्रवृत्तीचा आकडा जरूर बघावा, पण त्याआधी मार्गदर्शकाला तीन गोष्टी विचाराव्यात. सह-मार्गदर्शक म्हणून रेडिओलॉजिस्टचं नाव लेखी आहे का? नैतिक समितीची मंजुरी मिळाली आहे की अजून अर्जच द्यायचा आहे? आणि एमआरआय यंत्र दिवसभर रुग्णांनी भरलेलं असतं, तेव्हा आठवड्यातल्या कोणत्या रात्री ते संशोधनासाठी राखून ठेवलं आहे?