पाच रिकाम्या पुड्या

किराणा दुकानाच्या दारात शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबत असतात. गिऱ्हाईक "एक पुडी द्या" म्हणतं, दुकानदार माळेतली एक टर्रकन फाडून देतो. बाटली घेणारा एकदा ठरवतो आणि दोन-तीन महिने सुटतो. नाही आवडली तरी पैसे वाया जायला नकोत म्हणून संपवतो. पुडीवाल्याला ती सक्ती नाही. तो दर न्हाणाला नव्यानं ठरवतो. गिऱ्हाईक परत का येतं, हे शिकायचं तर पुडीकडूनच शिकावं.

तमिळनाडूतल्या कडलूरचे सी. के. रंगनाथन ते शिकले. शॅम्पू पुडीत भरण्याची कल्पना त्यांचे वडील चिन्नी कृष्णन यांनी आधीच राबवली होती. मुलानं १९८३ साली १५,००० रुपये घालून वेगळा धंदा काढला आणि वडिलांच्या नावावरून शॅम्पूचं नाव ठेवलं 'चिक'. मग एक योजना काढली. कुठल्याही शॅम्पूच्या पाच रिकाम्या पुड्या आणा, चिकची एक फुकट न्या. लोकांना सवय लागल्यावर अट हळूच बदलली: रिकाम्या पुड्याही चिकच्याच हव्यात! आधी दुसऱ्याचं गिऱ्हाईक घरात बोलावलं, मग दाराला कडी घातली.

पण फुकटची पुडी एका न्हाणापुरती. पुढं काय? चिकनं जाई आणि गुलाबाचा वास आणला, तोही अशा मुलखात जिथं बायका हौसेनं गजरा माळतात. केस खरंच सुधारले का, हे एका पुडीत कुणालाच कळत नाही. वास मात्र लगेच कळतो. फेसही. फेस जास्त म्हणून मळ जास्त निघतो असं नाही बरं का, तरी फेस कमी आला की आपण नाक मुरडतोच.

आणि दिवाळीचा मोती साबण? तो आमच्या घरी वर्षातून एकदाच यायचा. त्यानं कातडी उजळते का, असं कुणी विचारल्याचं आठवत नाही. एका वर्षी मी त्याऐवजी दुसरा, चांगला महागातला साबण आणला. आईनं तो हुंगला, मोरीच्या कट्ट्यावर ठेवला आणि पिशवी हातात देऊन मला परत दुकानात पाठवलं.