मावळच्या रानांतील ठेव

कार्ल्याच्या चैत्यगृहांत शिरून वर पाहिलें असतां दगडी छताखालीं लांकडी कमानींची रांग दिसते. लेणें अखंड डोंगरांत कोरलेलें. त्याला लांकडाच्या आधाराची गरज नव्हती. तरीहि जुन्या लांकडी वास्तूंच्या रीतीस अनुसरून कारागिरांनीं त्या बसविल्या, आणि सुमारें दोन हजार वर्षें त्या टिकून आहेत. त्या काळच्या हवेंतील कर्ब त्या लांकडांत अद्यापि कोंडलेला आहे.

झाड उन्हाच्या साह्यानें हवेंतील कर्बाम्ल वायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, शोषून घेतें व त्यांतील कर्बाचें लांकूड बनवितें. वाळलेल्या लांकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कर्बच असतो. एक टन कर्ब जळला, कीं सुमारें ३.६७ टन कर्बाम्ल वायु हवेंत परत जातो. हवाई बेटांतील मौना लोआ येथें १९५८ सालीं या वायूचें नियमित मोजमाप सुरू झालें, तेव्हां हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारें ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. दगडी कोळसा व खनिज तेल हें त्याचें मुख्य कारण खरें. पण रानतोडीचाहि त्यांत वांटा आहे.

मावळांतील भातशेतकऱ्याची राबाची चाल सर्वांस ठाऊक आहे. झाडांच्या फांद्या, पाला, गवत व शेण पसरून जाळावयाचें, आणि त्या जमिनींत भाताचीं रोपें करावयाचीं. इंग्रजी अमदानींत वनखात्यानें या चालीस हरकत घेतली. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील अशाच गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठीं मुंबई सरकारास १८८५ सालीं कमिशन नेमावें लागलें. येथें एक भेद मात्र ध्यानांत घेतला पाहिजे. बेतानें फांद्या छाटल्या तर बुंधा व मुळें शाबूत राहतात आणि गेलेला कर्ब नव्या पालवींतून परत येतो. कोळसा पाडण्यासाठीं मुळाशींच झाड तोडलें, तर अनेक दशकांची ठेव एका भट्टींत संपते.

वणव्याचेंहि असेंच आहे. फाल्गुन-चैत्रांत जळालेलें गवत पावसाळ्यांत पुन्हां उगवतें; पण त्याबरोबर जळालेलीं जांभूळ-हिरड्याचीं रोपें उगवत नाहींत. शिवाय लोणावळ्यास वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उघड्या उतारावरील काळी-तांबडी माती त्यांत वाहून जाते, आणि मातींतील कर्बहि तिच्याबरोबर जातो. जगांतील सर्व वनस्पतींत मिळून जेवढा कर्ब आहे, त्याहून अधिक मातींत आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

रान राखण्याचा जुना धडा देवराईंत मिळतो. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत सह्याद्रींतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला. देवाच्या धाकानें जेथें कुऱ्हाड गेली नाहीं, तेथें जुने वृक्ष, वेली व पाचोळ्याचा जाड थर टिकला. एवढी सांठवण नव्या लागवडींत लवकर होत नाहीं. उजाड टेकडीवर गिरिपुष्प लावणें वावगें नव्हे. परंतु जुना वृक्ष तोडून दहा रोपें लावलीं म्हणजे हिशेब फिटला, असें मानणें मात्र चुकीचें आहे. रोपास ती भरपाई करावयास अनेक वर्षें लागतात, आणि त्यांतील किती जगतील याचा भरंवसा नसतो.

खरा पेंच मालकी रानांत आहे. झाड तोडून विकलें तर शेतकऱ्यास पैसा मिळतो. जमीन बंगल्यासाठीं दिली तर त्याहून अधिक मिळतो. पण झाड उभें राखल्याबद्दल त्याच्या पदरांत सहसा कांहींच पडत नाहीं. मुलीचें लग्न किंवा दुखणें निघालें, तर त्यानें हवेचा विचार करावा अशी अपेक्षा शहरांतील माणसानें कोणत्या तोंडानें करावी? लोणावळ्याच्या थंड हवेचें सुख जो घेतो, त्यानें ती राखणाऱ्याच्या खर्चाचा वांटा उचलणें न्यायाचें आहे.

कार्ल्याच्या कमानी टिकल्या, कारण त्यांच्यावर दगडाचें छत होतें. उभ्या रानास तसें छत नाहीं. त्यास माणसाच्या शहाणपणाचेंच छत हवें.