अरुणाचलला जायचं असेल तर

(रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठांची एक लांबची सहल काढावी, असा ठराव गेल्या बैठकीत झाला. काशी झाली, चारधाम झालं, केरळ दोनदा झालं. तेव्हा मी अरुणाचल प्रदेशाचं नाव सुचवलं आणि सभागृहात शांतता पसरली. मग एका वहिनींनी विचारलं, "भाऊ, तिथं बघायला काय आहे?" अध्यक्षांनी फर्मान काढलं की पुढच्या वेळी वीस मिनिटं बोला आणि आराखडा मांडा. म्हणून हा उभा आहे.

आधी आकडे सांगतो. आयुष्य बँकेत गेलं, त्याला इलाज नाही. आपला नगर जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यात मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या होती ४५ लाखांच्या वर. अरुणाचलचं क्षेत्रफळ ८३,७४३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपले जवळजवळ पाच जिल्हे त्यात बसतील. आणि माणसं? १३ लाख ८४ हजार. आपल्याकडे चौरस किलोमीटरला २६६ माणसं, तिथं १७. देशातलं सगळ्यात विरळ वस्तीचं राज्य तेच. त्यातही दिबांग व्हॅली नावाचा एक जिल्हा आहे. अर्ध्या नगर जिल्ह्यापेक्षा मोठा, आणि २०११ साली तिथं माणसं होती ८,००४. एका शनी अमावास्येला आपल्या शेजारी शिंगणापूरला याच्या कितीतरी पट गर्दी होते, हे मी सोनईकरांना सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबचं तुम्हाला काय माहीत? तर १९९१ साली मला पदोन्नती मिळाली आणि ऑर्डरवर नाव निघालं नहारलगूनचं. इटानगरच्या शेजारचं गाव. त्या काळी बँकेत ईशान्येची बदली म्हणजे काळं पाणी समजत. लोक प्रमोशन नाकारायचे. मी गेलो, दोन वर्षं राहिलो. आणि दोन वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, सौ.ला आणि दोन जोडप्यांना घेऊन पुन्हा बारा दिवस जाऊन आलो.

पण त्या मुलखाची नावं मला त्याही आधीपासून पाठ होती. इथं माझ्या वयाचे जे आहेत त्यांना आठवेल. १९६२ चा नोव्हेंबर. मी अकरा वर्षांचा. ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती मोठी माणसं गोळा व्हायची आणि बातम्यांत शब्द यायचे तवांग, सेला, बोमदिला. यातलं एक गेलं, मग दुसरं गेलं, असं ऐकताना मोठ्यांचे चेहरे उतरायचे. मग यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं जो तो म्हणू लागला. बायाबापड्यांनी अंगावरचं सोनं संरक्षण निधीला दिलं. ज्या भूमीसाठी आपल्या आयांनी बांगड्या उतरवल्या, ती भूमी बघायला आपल्यातलं कितीजण गेलं? हात वर करा म्हणत नाही, उत्तर मला माहीत आहे.

तवांगला युद्धस्मारक आहे, तिथं भिंतीवर शहीद जवानांची नावं आहेत. वाटेत जसवंतगढ लागतं, रायफलमन जसवंतसिंह रावत जिथं लढत पडले तिथं. आणि तवांगचा मठ सतराव्या शतकातला, देशातल्या सर्वांत मोठ्या बौद्ध मठांपैकी एक. सहावे दलाई लामा तवांगजवळच जन्मले आणि १९५९ साली चौदावे दलाई लामा तिबेटमधून निघाले ते याच वाटेनं भारतात आले. "बघायला काय आहे" याचं अर्धं उत्तर हे झालं.

उरलेलं अर्धं उत्तर शेतकऱ्यांसाठी आहे. झिरो नावाचं एक खोरं आहे, साधारण साडेपाच हजार फुटांवर. तिथं आपातानी जमातीचे लोक राहतात. आपण मुळेच्या पाटपाण्यावर वाढलेली माणसं, पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणं आपल्याला नवीन नाहीत. हे लोक ओढ्यानाल्यांचं पाणी बांधाबांधाने शेतोशेत फिरवतात, भाताच्या त्याच पाण्यात मासे वाढवतात, आणि हे सगळं नांगर-बैलाशिवाय, हातानं. १९९२ साली कर्जाच्या तपासणीसाठी मी तिथं गेलो, तेव्हा सवयीनं सातबारा मागितला. सातबारा नावाची चीजच नाही! जमीन परंपरेनं कुळाची, जमातीची. मग तारण काय घ्यायचं? लाल कोट घातलेला गावबुढा, म्हणजे गावचा मुखिया, पुढे आला आणि म्हणाला, हा माणूस माझ्या माहितीतला आहे. छोट्या कर्जाला तेवढ्यावर भागवलं जायचं. माझ्या दोन वर्षांत गावबुढ्यानं शब्द टाकलेलं एकही कर्ज थकलं नाही. शिंगणापूरच्या बिनदाराच्या घरांचं जगाला नवल वाटतं. मला त्या बिनसातबाऱ्याच्या शेताचं तितकंच वाटलं.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या कार्यकारिणीचा प्रस्ताव असा आहे की गुवाहाटीपर्यंत सगळे मिळून जाऊ, तिथून एक मोठी बस करू, चाळीस-पंचेचाळीस माणसं, दहा दिवसांत तवांग, झिरो, मेचुका, जमलं तर परशुराम कुंडही. भावना चांगली आहे. पंचवीस वर्षं आपण सगळं मिळूनच केलं. पण या प्रस्तावाला माझी दुरुस्ती आहे आणि ती मी आग्रहानं मांडतो.

जिथं माणसं दाट आहेत तिथं चाळीस पाहुणे आले काय नि गेले काय, कुणाला पत्ता लागत नाही. जिथं गावात तीस-चाळीस घरं, तिथं आपण चाळीसजण उतरलो तर गावाएवढंच दुसरं गाव उतरलं. त्यांच्याकडे एवढ्या खोल्या नाहीत, एवढं पाणी तापत नाही, एवढा स्वयंपाक होत नाही. आपल्या मोठ्या बसलाही त्या घाटवळणांवर त्रासच. तिकडचं खरं वाहन सुमो. तेव्हा विरळ मुलखाचं नियोजन म्हणजे वजाबाकी. एका तुकडीत माणसं कमी, यादीत ठिकाणं कमी. वाढवायचे ते फक्त दिवस.

माझा आराखडा असा. दोन तुकड्या, प्रत्येकी बारा-पंधराजणांच्या, दोन-तीन सुमो. एका तुकडीनं तवांग करायचं, दुसरीनं झिरो. दोन्ही करण्याचा हट्ट नको. उरलेल्यांची यादी पुढच्या हंगामाला.

तवांगची तुकडी: गुवाहाटीहून तवांग सुमारे पाचशे किलोमीटर. कागदावर हे अंतर सोनई ते मुंबई आणि परत एवढंच दिसतं, म्हणून कुणी दीड दिवस धरेल. धरू नका. पहिला मुक्काम तेजपूर, दुसरा-तिसरा दिरांग, मग तवांग. दिरांग पाच हजार फुटांच्या आसपास आहे, तिथं दोन रात्री थांबायचं ते शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून. तवांग दहा हजार फुटांवर. मधली सेला खिंड १३,७०० फुटांवर, पण मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून खिंडीचा माथा टाळता येतो. तवांगला तीन रात्री. बुमला ही सरहद्दीवरची खिंड पंधरा हजार फुटांच्या वर आहे, तिला वेगळी परवानगी लागते. माझं मत विचाराल तर सत्तरीच्या पुढच्यांनी बुमलाचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. रक्तदाब, दमा, हृदयाचं दुखणं असलेल्यांनी तवांगचाही नाही.

त्यांच्यासाठी झिरो आहे, आणि ते दुय्यम म्हणून नव्हे. इटानगरजवळच्या होलोंगीला नोव्हेंबर २०२२ पासून विमानतळ आहे, नहारलगूनला २०१४ पासून रेल्वे आहे. मी गेलो तेव्हा यातलं काहीच नव्हतं. नहारलगूनहून झिरो शंभरएक किलोमीटर, पण अर्धा दिवस मोकळा ठेवा. झिरोला चार रात्री राहा. सकाळी बांधावरून फिरा, लोकांशी बोला. भाषेची काळजी नको. तिथं सव्वीस मोठ्या जमाती, प्रत्येकीची बोली निराळी, म्हणून आपसात हिंदी बोलतात. आपल्या नगरी हिंदीला कुणी हसत नाही. नहारलगूनला मोठं सरकारी रुग्णालय आहे, हाही झिरोच्या बाजूनं एक मुद्दा.

आता बारीकसारीक, पण महत्त्वाचं.

परवाना: अरुणाचलमध्ये जायला आपल्या भारतीयांनाही इनर लाइन परमिट लागतं. मूळ कायदा १८७३ चा, इंग्रजांचा. ऑनलाइन निघतं. कुठल्या नाक्यानं आत जाणार ते आधी ठरवा: तवांगसाठी भालुकपोंग, इटानगर-झिरोसाठी बांदरदेवा किंवा विमानतळ. प्रत्येकानं परमिटच्या आणि ओळखपत्राच्या दोन-दोन कागदी प्रती ठेवायच्या. मोबाइलमध्ये आहे म्हणू नका, नेटवर्क ऐनवेळी दगा देतं.

हंगाम: ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबर, नाहीतर मार्च-एप्रिल. पावसाळ्यात दरडी कोसळतात, हिवाळ्यात सेलावर बर्फ.

वेळ: हा मुद्दा कुठलाच एजंट सांगत नाही. घड्याळ आपलं आणि त्यांचं एकच, सूर्य मात्र त्यांचा आधी उगवतो. नोव्हेंबरात पाचच्या सुमारास उजाडलेलं असतं आणि संध्याकाळी पाचला काळोख. आपल्यासारखं नऊला चहा-नाश्ता करून निघालं तर निम्मा प्रवास अंधारात. सहाला चाकं हलली पाहिजेत, चारच्या आत मुक्काम.

पैसा: एटीएमच्या भरवशावर राहू नका, रोख जवळ हवी. आणि बँकेत आम्ही बुडीत कर्जासाठी तरतूद करायचो, तशी दोन दिवसांची तरतूद ठेवा. रस्ता बंद झाला तर तिथंच थांबायचं, ड्रायव्हरला घाई करायची नाही. परतीचं तिकीट शेवटच्या डोंगरी मुक्कामाच्या दुसऱ्याच दिवशीचं काढू नका.

खाणं: भात, डाळ, भाजी, अंडी सगळीकडे मिळतात. शाकाहारी मंडळींनी लसणाची चटणी, दशम्या, मेतकूट न्यावं. मात्र यजमानांच्या चुलीवर मांस शिजतंय म्हणून नाक मुरडायचं असेल तर घरीच बसलेलं बरं.

वागणं: वयस्क आपातानी बायकांच्या चेहऱ्यावर गोंदण आणि नाकात मोठ्या चकत्या दिसतात. ती पद्धत आता बंद झाली, त्या शेवटच्या पिढीतल्या आहेत. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. व्हेरिअर एल्विन नावाचे गृहस्थ १९२७ साली इंग्लंडहून पहिल्यांदा आपल्या पुण्यात आले आणि पुढे १९५४ पासून या भागाच्या प्रशासनाचे आदिवासी सल्लागार झाले. या लोकांना प्रदर्शनातल्या वस्तूंसारखं वागवू नका आणि आपलं काही त्यांच्यावर लादू नका, हेच ते जन्मभर सांगत राहिले.

हे सोनईकराला लवकर कळेल असं मला वाटतं. रोज किती गाड्या आपल्या रस्त्यानं जातात. काच खाली होते, "शिंगणापूर किती?" एवढं विचारतात, काच वर. दर्शन, तेल, फोटो आणि माघारी. सोनईत कॉलेज आहे, कारखाना आहे, चांगली माणसं आहेत, हे कुणाच्या गावी नाही. आपल्याला ते बरं वाटतं का? मग आपणही त्यांच्या दारात तसं जाऊ नये.

शेवटचं. गेल्या वेळी यादी केली तेव्हा अडतीस नावं होती. काल मी ती पुन्हा बघितली. त्यातले तिघं आता आपल्यात नाहीत, आणि तिघांनीही माझ्यासमोर "पुढच्या वर्षी बघू" असंच म्हटलं होतं. तिघांच्याही घरच्या वहिनी इथं बसल्या आहेत. नावं जोडीनं लिहायची हा आपला प्रघात. माझी विनंती आहे की या वेळी यादीत एकेकटी नावं घ्या आणि त्या तिघींची आधी लिहा. खोल्यांच्या वाटणीची जबाबदारी आमच्या सौ.नं घेतली आहे.

परवान्याचे फॉर्म भरायला मी दर रविवारी दहा ते बारा सोसायटीच्या ऑफिसात बसेन. येताना आधार कार्ड, एक फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा. चिठ्ठी बघूनच कुणी कुठल्या तुकडीत ते ठरेल, त्यात वशिला चालणार नाही.