दिव्यापुढील अंधार
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मोठ्या विषयांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु आपल्या मावळात आता पुष्कळ घरी मोटार आली आहे, आणि सेवानिवृत्तीनंतर आम्हीही ती चालविण्यास शिकलो. त्या शिक्षणातील एक चूक आपणांपुढे कबूल करावी, एवढाच आजचा हेतू.

श्रावणातील एका रात्री आम्ही कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याने जात होतो. अंधार दाट आणि हात नवखा. म्हणून भीतीपोटी दिव्यांचा झोत वरच ठेवला होता. समोरून दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलस्वार आला आणि डोळे दिपून कडेच्या चरात कोसळला. धावत जाऊन उठविले, तो आमचाच जुना विद्यार्थी! गुडघा फुटलेला, दूध चिखलात गेलेले. तरीही तो नम्रपणे म्हणाला, “गुरुजी, तुमच्या उजेडात आम्हांला रस्ताच दिसेना.”

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आम्ही कितीदा तरी फळ्यावर लिहिली. दिव्यापुढेही अंधार असतो, हे त्या रात्री उमगले.

तेव्हापासून काही नेम आम्ही पाळतो. समोरून वाहन येताच, किंवा आपण दुसऱ्या वाहनाच्या मागे असताना, झोत खाली घ्यावा. खंडाळ्याच्या घाटात धुके दाटले म्हणजे नवशिका झोत वर करतो. परंतु धुके म्हणजे जलकणांचा पडदा. त्यावरून प्रकाश उलटून आपल्याच डोळ्यांत येतो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. तेथे खालचा झोत आणि मंद गती हाच उपाय. द्रुतगती मार्गावरील कामशेतच्या बोगद्यात दिवसाही दिवे लावावेत. चारही इंडिकेटर लुकलुकवीत घाट उतरण्याची रीत मात्र घातक होय. ती खूण थांबलेल्या गाडीची. चालत्या गाडीने ती दिली, तर वळण्याचा इशारा कळत नाही आणि खरोखर बंद पडलेला ट्रक ओळखू येत नाही.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत दिवे हवेतच. शिवाय अपुऱ्या उजेडामुळे १५५ मीटरांवरील माणूस स्पष्ट दिसत नसेल, तर भर दुपारीही हवेत. दिवा आपणांस दिसावे म्हणून असतो, तसाच आपण इतरांस दिसावे म्हणूनही असतो.

आपल्या घरची मुलेमुली शिकाऊ परवाना घेतील, तेव्हा जाणत्या वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून हे वळण त्यांना लावावे. सांडलेल्या दुधाचे पैसे आम्ही भरून दिले. पण त्या रात्री समोरून एखादा ट्रक येत असता, तर काय भरून देता आले असते?