दुकान उघडं आहे

मीरा रोडच्या नया नगरात माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, मी आधी नुसतं ‘उत्तम शिलाई, वाजवी दर’ टाकायचे. एक गिऱ्हाईक आलं नाही. मग रोज एकच गोष्ट लिहू लागले: अस्तराच्या ब्लाउजचे किती, ईदचे कपडे कधीपर्यंत घेणार, सोबत शिवलेल्या बाहीचा फोटो. जागा 280 अक्षरांची. त्यात काना-वेलांटीही वेगळी मोजतात, ‘शिलाई’ची पाच होतात! फापटपसारा आपोआप गळतो.

खात्यावर नाव नको, नुसती आद्याक्षरं ठेव, असं घरचेच म्हणाले. मी पूर्ण नाव ठेवलं.

जानेवारी 2024 मध्ये आपल्याकडे तणाव झाला. फोनवर अफवांचा पूर. भाईंदरच्या एका ताईंच्या मुलीचं लग्न तोंडावर, ब्लाउज माझ्याकडे. थोडं निवळल्यावर मी लिहिलं, ‘दुकान उघडं आहे. कपडे तयार आहेत. इकडे यायला धास्ती वाटत असेल तर स्टेशनवर आणून देते.’

ताई स्टेशनवर आल्या. पैसे मोजून देताना म्हणाल्या, “पुढच्या खेपेला दुकानातच येते.” आल्याही, जावेला घेऊन. जावेचे तीन ब्लाउज अजून शिवायचेत.